बिस्किटाच्या पुड्यावर टिपका, मग ब्रशच्या पाकिटावर का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत मुलांना वॉटरकलर शिकवायचं तर काय काय सामान घ्यावं याची यादी आली होती. लेख चांगलाच होता, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्यात एक ओळ होती की जमलं तर एक तरी चांगला सेबल ब्रश घ्यावा, आणि ती वाचून मला काही राहवेना म्हणून फोनवर टाइप करत बसलेय. शुद्धलेखनाला हसू नका, बोटं जाड आणि कीबोर्ड बारीक.

मी सांगलीत सव्वीस वर्षं ड्रॉइंगच्या बाई होते, आता रिटायर झाल्यावर घरीच क्लास घेते, एलिमेंटरी इंटरमिजिएटची पोरं येतात, काही नुसतीच हौस म्हणून येतात. तर दोन वर्षांपूर्वी आठवीतली एक मुलगी क्लासला लागली, घर जैन, आमच्या सांगली भागात जैन कुटुंबं भरपूर, कांदा लसूण नाही, चातुर्मासात तर खाण्याचे नियम अजून कडक. तिला सोडायला तिची आज्जी यायची आणि तासभर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहायची. एकदा पोरीच्या हातात मी माझा ब्रश दिला होता, आज्जीने बघितलं आणि सहज विचारलं, "बाई, ह्ये केस कशाचे ओ?" मी म्हटलं सेबलचे. "सेबल म्हंजे?" मी म्हटलं, असतो एक प्राणी. पुढे मला काही सांगताच येईना, कारण मलाच माहीत नव्हतं. आज्जी काही बोलल्या नाहीत, पोरीच्या हातातला ब्रश पदराने धरून टेबलावर ठेवला, बास. दुसऱ्या दिवशी पोरगी काडीला कापूस गुंडाळून घेऊन आली आणि त्याने आकाश रंगवलं, आणि बरं का, वाईट नव्हतं रंगवलं.

आधीच सांगते, मी शाकाहारी नाही. रविवारी आमच्या घरी मटण असतं आणि ते मीच करते. त्यामुळे हे पत्र पावित्र्याबिवित्र्याचं नाही, कुणाच्या ताटात डोकवायचं तर मुळीच नाही. पण मटण आणताना मला माहीत असतं की मी काय आणतेय. ब्रश घेताना माहीत नव्हतं, आणि सव्वीस वर्षं मी ते वर्गातल्या पोरांना घ्यायला लावले. ही गोष्ट मला टोचली आणि मग मी खोदत बसले.

तर सेबल सेबल म्हणून आपण जो महागडा ब्रश घेतो तो खऱ्या अर्थाने सेबलचा नसतोच. तो कोलिन्स्की, म्हणजे सैबेरियाकडचा लांबुडका, साधारण मुंगसाच्या चणीचा प्राणी, त्याच्या शेपटीचे केस. त्यातही थंडीतले, त्यातही नराचे असले तर उत्तम. हा काही मेंढीसारखा कातरून सोडून द्यायचा प्रकार नाही, प्राणी सापळ्यात धरून मारतात, कातडं फरवाल्याकडे आणि शेपूट ब्रशवाल्याकडे. १८६६ साली राणी व्हिक्टोरियाने विन्सर अँड न्यूटन कंपनीला आपल्या आवडीच्या सात नंबरात सगळ्यात भारी ब्रश बनवायला सांगितलं, तिथून सिरीज सेव्हनचा जो दरारा सुरू झाला तो आजतागायत चालू आहे, आम्हीपण कॉलेजात त्याचं नाव निघालं की आवाज खाली करायचो. गंमत म्हणजे हा प्राणी आपल्या हिमालयातही आहे आणि भारतानेच त्याचं नाव साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत घालून ठेवलंय. आपल्याला त्याचं मराठी नावसुद्धा माहीत नाही, ब्रश मात्र माहीत.

बरं तो लांबचा झाला. जवळचं सांगते.

लहानपणी मुंगूस आडवं गेलं की आपण सगळे काय म्हणायचो? मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शप्पथ! आणि ते खरंच थांबून वळून बघायचं (म्हणजे मला तरी तसंच आठवतंय). तोंड दिसलं की दिवस चांगला. त्याच मुंगसाच्या केसांचे ब्रश आपल्याकडे वर्षानुवर्षं विकले गेले, दुकानात उघड, मुंगूस ब्रश म्हणूनच मागायचे लोक. केस ताठ, टोकाला गडद, मधे फिकट गडद पट्टे, पाणी धरतो, टोक धरतो, ऑइललाही चालतो. एक किलो केसांना किमान पन्नास मुंगसं मारावी लागतात असं वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोच्या अधिकाऱ्यांनीच सांगितलंय. ऑक्टोबर २०१९ मध्ये या ब्यूरोने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने एकाच वेळी बऱ्याच राज्यांत धाडी घातल्या, उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट, जे ब्रश बनवण्याचं गावच आहे, तिथपासून राजस्थान, केरळ आणि आपला महाराष्ट्रसुद्धा. हजारोंनी ब्रश आणि किलोकिलोने केस सापडले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुंगसाला संरक्षण आहे, त्याचे केस विकणं सोडाच, नुसते घरात ठेवणंपण गुन्हा, तुरुंगाचा गुन्हा. हे किती चित्रकारांना माहीत आहे? मी माझ्या ओळखीतल्या आठ दहा जणांना विचारलं, दोघांना माहीत होतं आणि त्यातल्या एकाने सांगितलं की अजून मिळतो, ओळखीवर मिळतो, पाकिटावर दुसरंच काहीतरी लिहिलेलं असतं.

पकडले कोण गेले म्हणाल तर शिकार करणारा भटका माणूस आणि घरी बसून केस विंचरून जुडी बांधणारा कारागीर, हातावर पोट असलेली माणसं. ते केस मागणारे आपण. प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये निसर्गावर प्रेम वगैरे लिहिणारे आपणच. मला शेरकोटच्या कारागिरावर दगड मारायचा नाही, तो उद्या नायलॉनचा ब्रश तितकाच सुबक बांधेल, गिऱ्हाइकाने मागितला पाहिजे.

माझ्याकडेपण एक होता, खोटं कशाला बोलू. आमच्या सरांनी मला जीडी आर्ट, म्हणजे चित्रकलेचा सरकारी डिप्लोमा, झाल्यावर दिलेला, बारा नंबर, दांडीवरचा रंग गेलेला, फेरूलला (केस धरून ठेवणारी धातूची नळी) पितळेसारखी झाक. त्या ब्रशने मी आयर्विन पूल किती वेळा काढला असेल, पावसातला, पुरातला, उन्हाळ्यात कृष्णेला पाणी कमी असतानाचा. कळल्यावर तीन महिने तो कपाटात तसाच पडून होता, फेकवेना आणि वापरवेना. शेवटी वनखात्याच्या ऑफिसात घेऊन गेले. तिथले साहेब भले होते पण त्यांना कळेना की या म्हातारीचं करायचं काय. म्हणाले, मॅडम लोक बिबट्याची नखं आणून देतात, ब्रश पहिल्यांदाच आला. अर्ज लिहून घेतला, ब्रश कागदात गुंडाळून ठेवला. बाहेर पडताना मला सरांचीच आठवण येत होती आणि जरा रडू पण आलं, ते असो.

मुंगसाचं झालं, आता खार. आपल्याकडच्या जुन्या लघुचित्रांमध्ये पापणीचा एकेक केस काढलेला असतो ना, तो ज्या ब्रशने काढायचे तो खारीच्या शेपटीच्या केसांचा. आजपण बाजारातले मऊ मॉप ब्रश, ज्याला स्क्विरल म्हणतात, ते परदेशी खारीचे. रामाने जिच्या पाठीवरून बोटं फिरवली तीच ही, चित्रकलेत तिचा खारीचा वाटा म्हणजे अख्खी शेपटीच. आणि 'कॅमल हेअर' लिहिलेला ब्रश दिसला तर फसू नका, त्यात उंटाचा एक केस नसतो, खार, बकरी, तट्टू, जे स्वस्तात मिळेल ते. (आपल्या कंपासपेटीवरच्या उंटाचा याच्याशी काही संबंध नाही हां, दांडेकरांनी १९३१ ला सुरू केलेल्या धंद्यात कॅमल हे शाईचं नाव होतं, त्यावरून कॅमलिन.) ऑइलवाल्यांचा हॉग ब्रश म्हणजे डुक्कर, नावातच सांगतो बिचारा, तो एक प्रामाणिक.

मला वाटलं ब्रश बदलला की संपलं. कुठलं काय! कागद घ्या. भारीतला वॉटरकलर पेपर पाणी एकदम पिऊ नये म्हणून त्याला जिलेटिनचं साइझिंग करतात, जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं कातडी उकळून काढलेलं. फ्रान्सचा आर्श कागद ज्यांनी वापरलाय त्यांना माहीत असेल, ओला केला की ओल्या घोंगडीसारखा वास येतो. वीसेक वर्षं मी तो वास घेत होते आणि मुलांना सांगत होते की हा अस्सल कागदाचा वास! रंगात डिंक असतो तो झाडाचा, बाभळीच्या कुळातला, ते ठीक. पण काही कंपन्या त्यात मध घालतात, आणि रंग कागदावर छान पसरावा म्हणून जे ऑक्स गॉल नावाचं औषध मिळतं ते बैलाचं पित्त. कार्माइन लाल रंग एका किड्याला वाळवून चेचून. लहान पोरांच्या क्रेयॉनमध्ये जे स्टिअरिक अ‍ॅसिड असतं ते चरबीपासून असू शकतं, पामतेलापासूनही असू शकतं, आणि पाकिटावर यातलं काहीच नसतं. कॅनव्हासला पूर्वी सशाच्या कातड्याचा सरस लावायचे, सुतार वापरतात तोच सरसचा प्रकार.

आणि काळा. आयव्हरी ब्लॅक म्हणजे हस्तिदंत जाळून केलेला काळा असं आम्ही शिकलो आणि शिकवलं, आता हस्तिदंत नाही, आता जनावरांची हाडं जाळतात. ट्यूबवर मागे बारीक अक्षरात इंग्रजीत पीबीके ९ लिहिलेलं असतं, ते म्हणजे हाड. पीबीके ६ किंवा ७ असेल तर काजळी. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे, चष्मा मात्र लागतो.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो इंडियन यलोचा. आपल्याच देशाच्या नावाचा पिवळा, युरोपातले चित्रकार जीव टाकायचे त्याच्यावर, आपल्याकडे पिउरी म्हणायचे त्याला, भिंतीच्या पिवडीसारखंच नाव. १८८३ साली त्रैलोक्यनाथ मुखर्जींनी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सला पत्र लिहून कळवलं की बिहारात मुंगेरजवळच्या मिर्झापुरात गवळी गाईंना नुसता आंब्याचा पाला आणि पाणी देतात आणि त्यांचं मूत्र आटवून हा रंग करतात, आणि त्या गाई अगदी खंगलेल्या दिसतात. पुढे लोकांनी ही गोष्ट खरी की दंतकथा म्हणून शंका काढल्या, पण मुखर्जींनी पाठवलेले नमुने लंडनच्या क्यू बागेत जपून ठेवलेले होते, त्यांची तपासणी होऊन २०१९ मध्ये निष्कर्ष आला की माणूस खरं बोलत होता. तो रंग विसाव्या शतकाच्या सुरवातीलाच बाजारातून गेला. आज ट्यूबवर इंडियन यलो लिहिलेलं असतं ते केमिकल, आणि त्या जुन्या रंगावाचून कुणाचं सूर्यास्ताचं चित्र अडलंय असं मला तरी दिसलं नाही.

तसंच ब्रशचं आहे. पूर्वीचा नायलॉनचा ब्रश म्हणजे खराटा होता, हे मान्य. पण आता जे सिंथेटिक येतात, प्रिन्स्टनचा नेपच्यून घ्या, एस्कोडाचा पेर्ला घ्या, ते मी दोन वर्षं वापरतेय. परदेशी परवडत नसेल तर साधे देशी टॅक्लॉन (हेही कृत्रिम धाग्याचेच) घ्या. दोन उणिवा आहेत त्या लपवत नाही. एक, पाणी कमी धरतो, त्यावर उपाय म्हणजे वॉशला, म्हणजे मोठा भाग पातळ रंगाने भरताना, एक नंबर मोठा ब्रश घ्यायचा. दुसरं, पाण्याच्या डब्यात उभा ठेवला की टोक वाकडं होतं, तर मुळात तसा ठेवायचाच नाही, आणि झालंच तर कढत पाण्यात क्षणभर बुडवून बोटाने सरळ करायचं, पुन्हा टोक येतं. उलट केसांच्या ब्रशला कसर लागते, आमच्याकडे एका पावसाळ्यात कसरीने चार ब्रश टकले केले होते. कागदात इंग्लंडचा बॉकिंगफोर्ड बिनजिलेटिनचा आहे, इटलीचा फॅब्रियानो आर्टिस्टिकोपण. कॅनव्हासला अ‍ॅक्रिलिक जेसो (रंगाआधी द्यायचा अस्तराचा हात), ऑइलला जवसाचं तेल, ते तर विदर्भात पिकतं. शिकणाऱ्या पोराला चार आणि आठ नंबरचा राऊंड आणि एक इंची फ्लॅट, एवढ्यावर वर्ष निघतं.

माझा एक चित्रकार मित्र आहे, तो म्हणतो बाई तुम्ही परंपरा मोडताय. आता परंपरेचं म्हणाल तर मी काही पूर्वज सगळे दूधखुळे सात्त्विक होते असं म्हणणार नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त, ज्यात जुन्या मराठीचे तुकडे सापडतात त्याच ग्रंथात, रंगासाठी वज्रलेप कसा करावा हे लिहिलंय, म्हशीचं कातडं लोण्यासारखं होईपर्यंत उकळा म्हणून. ती पण परंपराच. पण सावंतवाडीच्या गंजिफाला चिंचोक्याची खळ लावतात ती पण परंपरा (वर लाखेचा हात असतो, लाख किड्याचीच, म्हणजे तिथेही पूर्ण सुटका नाही). आणि वारली? तांदळाचं पीठ, पाणी, डिंक आणि टोकाला चावून मऊ केलेली बांबूची काडी, जिव्या सोमा म्हशे यांना २०११ ला पद्मश्री मिळाली ती याच कलेला. भिंतीला शेण असतं म्हणून ते व्हेगन धरायचं की नाही यावर माझी सून आणि मी एक अख्खी संध्याकाळ भांडलोय, निकाल लागला नाही. आपल्या घरांना चुना लावायचा तो वाखाचा कुंचा आठवा, कुंचला शब्द त्याच्याच घरचा, आणि त्यात कुठल्या जनावराचा केस नव्हता.

दुसरा आक्षेप माझ्या मुलाचा, तो म्हणतो आई नायलॉन म्हणजे प्लास्टिकच की, मुंगूस वाचवून नदीत प्लास्टिक सोडतेस. बरोबर आहे त्याचं. मी त्याला एवढंच म्हटलं की माझे सिंथेटिक ब्रश दोन वर्षं टिकलेत, कचऱ्यात गेलेला अजून एक नाही, आणि अ‍ॅक्रिलिकचा ब्रश बेसिनमध्ये धुण्याआधी मी जुन्या पेपरला पुसते (तुमच्याच पेपरला, राग मानू नका). यापेक्षा चांगलं काही निघालं तर तेही घेईन. जिवंत प्राणी सापळ्यात धरण्याशी त्याची बरोबरी मला पटत नाही.

आता मागणं काय ते सांगते आणि संपवते. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा टिपका असतो, सामिष असेल तर तपकिरी त्रिकोण असतो, टूथपेस्टवर पण मी टिपका बघितलाय. मग पाच रुपयांच्या क्रेयॉनपासून पाच हजारांच्या ब्रशपर्यंत कुठेच का नाही? बंदी घाला म्हणत नाही मी, मुंगसावर ती आहेच. फक्त लिहा. केस कशाचे, साइझिंग कशाचं, काळा कशाचा. ज्याला घ्यायचं तो घेईल, ज्याला नाही घ्यायचं त्याला निदान कापूस गुंडाळलेली काडी आणावी लागणार नाही. कला संचालनालयाला विनंती की ग्रेड परीक्षेच्या सूचना शाळांना जातात त्यात एक ओळ घालावी की सिंथेटिक ब्रश चालतो आणि मुंगसाचा ब्रश बेकायदा आहे. कलाशिक्षकांना जूनमध्ये सामानाची यादी द्यायची असते, त्यांनी त्यात सेबल हा शब्द घालू नये, मी घालत होते. आणि तुम्हाला विनंती की पुढच्या वेळी पुरवणीत अशी यादी छापाल तेव्हा तेवढी ओळ बदला.

त्या मुलीला इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली, सगळे पेपर नायलॉनवर. आज्जी आता खुर्चीत बसत नाहीत, पुढे येऊन बसतात, परवा म्हणाल्या मला पण एक पान द्या.

आपली,
एक निवृत्त ड्रॉइंगच्या बाई, सांगली

ता.क. पत्र मेलवर पाठवतेय पण त्यासोबतचं आयर्विन पुलाचं छोटं चित्र वेगळं पोस्टाने टाकलंय. त्यातला काळा मी घरी केलाय. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी धरून काजळी गोळा केली, ती पाण्यात बुडतच नाही, नुसती तरंगते, म्हणून आधी दोन थेंब स्पिरिट घातलं, मग बाभळीच्या डिंकाचं पाणी आणि मधाऐवजी जरासा साखरेचा पाक घालून खलात तासभर घोटली. पाक बहुतेक जास्त झाला, चित्राला मुंग्या लागल्या तर समजून घ्या.